राइनकाठच्या गिऱ्हाइकाला पुण्यातून माल पाठवताय? रॉटरडॅमच्या पुढचा हिशोब असा लावा

चाकण, भोसरी, रांजणगाव पट्ट्यातून जर्मनीला माल पाठवणाऱ्यांची काही कमी नाही. कास्टिंग, मशीन्ड पार्ट, फास्टनर, रबराचे पार्ट, काय वाट्टेल ते जातं. पण कोटेशन काढताना बहुतेकांचं डोकं न्हावा शेवापर्यंत चालतं, फार फार तर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरापर्यंत, आणि त्याच्या पुढे "डेस्टिनेशन चार्जेस अ‍ॅज पर अ‍ॅक्च्युअल" असं एक गोलमाल वाक्य टाकून मोकळे होतात. खरी गंमत तिथूनच पुढे सुरू होते. बोटीचं भाडं सगळेच घासाघीस करून कमी करतात हो, पण बंदरातून गिऱ्हाइकाच्या गेटपर्यंतचे शेवटचे २००-५०० किलोमीटर कशाने जाणार, नदीने, रेल्वेने का ट्रकने, आणि ते कोण ठरवणार, हे आधी नक्की केलं नाही तर वाचवलेले पैसे तिकडेच उडतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, नवीन एक्स्पोर्टरसाठी आणि ज्यांचं सगळं फॉरवर्डर (वाहतुकीची व्यवस्था लावणारा एजंट) बघतो त्यांच्यासाठीसुद्धा.

पहिलं काम म्हणजे नकाशा उघडा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता बघा, शहर नाही, कारखान्याचा पत्ता. मग त्याच्या जवळ नदीवरचं कुठलं बंदर आहे ते शोधा. हो, नदीवरचं. आपल्याला बंदर म्हटलं की समुद्रच आठवतो, पण राइन नदीच्या खोऱ्यात समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत बंदरं आहेत आणि क्रेन, रेल्वे साइडिंग, गोदामं, कस्टम्स सगळं तिथेच असतं. ढोबळ चित्र असं: नदीच्या मुखाशी रॉटरडॅम, बाजूला बेल्जियममधलं अँटवर्प (तिथून राइनला जायला १९७५ पासून वेगळा कालवा आहे), मग जर्मनीत शिरल्या शिरल्या डुइसबुर्ग, पुढे नॉइस, कोलोन, मग कोब्लेंझ, माइंझ, मानहाइम आणि समोरच्या काठाला लुडविग्सहाफेन, वर फ्रान्समधलं श्ट्रासबुर्ग आणि सगळ्यात शेवटी स्वित्झर्लंडमधलं बाझल. श्टुटगार्टचं गिऱ्हाईक असेल, आणि ऑटोवाल्यांचं असतंच, तर मानहाइमला राइनला येऊन मिळते ती नेकार नदी, तिच्यावर श्टुटगार्टचं स्वतःचं बंदर आहे, १९५८ पासून. फ्रांकफुर्टच्या बाजूला माइन नदी. म्हणजे जर्मनीतली जी जी कारखान्यांची गावं आपल्याला माहितीयेत त्यातली बरीच कुठल्यातरी नदीबंदरापासून एक-दोन तासांच्या ट्रकवर आहेत.

हे असं का, तर कारखाने नदी बघूनच उभे राहिलेत. कोळसा, लोखंडाचं खनिज, केमिकल असा जड आणि स्वस्त माल नदीनेच परवडतो. बीएएसएफ या केमिकल कंपनीचा लुडविग्सहाफेनचा अवाढव्य प्लांट नदीच्या काठाला लागूनच आहे. शिवाय या नदीवर कोणाची दादागिरी चालत नाही, १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसपासून एक आंतरराष्ट्रीय कमिशन आहे आणि १८६८ च्या मानहाइम करारानुसार जहाजांना वाहतूक खुली आहे, नुसतं नदीवरून गेलं म्हणून टोल नाही. इकडे आपल्या एक्स्प्रेस वेवर टोल भरणाऱ्याला हे वाचून काय वाटेल ते वाटो.

डुइसबुर्गचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. राइन आणि रूर नद्यांच्या संगमावरचं हे बंदर, नदीवरच्या बंदरांत युरोपातलं सगळ्यात मोठं. तिथे ऱ्हाइनहाउझेनला क्रुपचा स्टील प्लांट होता, कामगारांनी १९८७-८८ मध्ये जबरदस्त आंदोलन केलं तरी १९९३ मध्ये तो बंद पडला. त्या रिकाम्या जागेवर १९९८ पासून लॉजपोर्ट नावाचं लॉजिस्टिक्स सेंटर उभं केलं, बार्जचा (नदीतल्या मालवाहू जहाजांचा) धक्का, रेल्वे टर्मिनल आणि गोदामं एकाच ठिकाणी. चीनमधल्या चोंगचिंगहून २०११ पासून थेट मालगाड्या येतात त्या याच शहरात. स्टील गेलं आणि कंटेनर आले. म्हणजे तुमचा माल डुइसबुर्गला पोचला की तिथून नदी, रेल्वे, रस्ता तिन्ही पर्याय हाताशी असतात, आणि हाच सगळ्याचा मुद्दा आहे, एक बंद पडलं तर दुसरं.

आता कागद. बिल ऑफ लेडिंगचा (शिपिंग लाइन देते त्या मालाच्या पावतीचा) ड्राफ्ट आला की आपण शिपरचं नाव, कन्सायनीचं, म्हणजे माल घेणाऱ्याचं, नाव, वजन बघतो आणि ओके करून टाकतो. यापुढे चार रकाने बोट ठेवून वाचा: प्लेस ऑफ रिसीट, पोर्ट ऑफ लोडिंग, पोर्ट ऑफ डिस्चार्ज आणि प्लेस ऑफ डिलिव्हरी. शेवटचा रकाना रिकामा असेल किंवा तिथेही रॉटरडॅमच लिहिलं असेल तर शिपिंग लाइनची जबाबदारी रॉटरडॅमच्या टर्मिनलवर संपली, पुढे तुमचं गिऱ्हाईक आणि त्याचं नशीब. तिथे डुइसबुर्ग किंवा मानहाइम असं लिहिलं असेल तर बार्ज किंवा रेल्वेचा टप्पा लाइनच्याच अंगावर, याला कॅरियर हॉलेज म्हणतात. उलटं असेल ते मर्चंट हॉलेज. कुठलं चांगलं याचं एकच एक उत्तर नाही. कॅरियर हॉलेजमध्ये रेट एकत्र मिळतो आणि उशीर झाला तर बोलायला एकच माणूस असतो, पण बार्ज का रेल्वे हे तो त्याच्या सोयीने ठरवतो. मर्चंट हॉलेजमध्ये निवड आपल्या किंवा गिऱ्हाइकाच्या हातात, पण टर्मिनलवर फ्री डेज (फुकट ठेवायचे दिवस) संपले की डेमरेजचं, म्हणजे कंटेनर पडून राहिल्याच्या आकाराचं, मीटर आपल्यावर. माझं मत विचाराल तर वर्षाला मोजके कंटेनर जाणाऱ्याने कॅरियर हॉलेजच घ्यावं, उगाच हुशारी नको.

याच्याशीच जोडलेलं इनकोटर्मचं प्रकरण, म्हणजे खर्च आणि जोखीम कुठपर्यंत विकणाऱ्याची आणि कुठून घेणाऱ्याची हे सांगणारे ठरलेले टर्म. कंटेनरच्या मालाला अजूनही लोक सवयीने एफओबी न्हावा शेवा (माल जहाजावर चढेपर्यंत आपलं) किंवा सीआयएफ रॉटरडॅम (तिथल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमाही आपला) लिहितात. हे दोन्ही टर्म मुळात माल थेट जहाजावर चढवायच्या जमान्यातले, कंटेनर तर आपण टर्मिनलच्या गेटवरच सोडून येतो, म्हणून कंटेनरला एफसीए (वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंत आपलं), सीपीटी (पुढचं भाडंही आपलं), सीआयपी (भाडं आणि विमा आपला) किंवा डीएपी (ठरलेल्या जागी पोचवणं आपलं) बरोबर. गिऱ्हाईक म्हणालं "दारात पोचवून द्या" तर डीएपी करा, पण टर्मपुढे गावाचं नाव आणि शक्य तर पत्तासुद्धा लिहा. डीडीपीला मात्र पटकन हो म्हणू नका, त्यात तिकडची ड्युटी आणि व्हॅट तुमच्या गळ्यात येतो आणि तिथे तुमचं रजिस्ट्रेशन नसेल तर फार वैताग होतो.

रेट मागताना फॉरवर्डरला एक रेट मागू नका, तीन मागा. रॉटरडॅम ते दार बार्ज अधिक ट्रक, रेल्वे अधिक ट्रक, आणि सरळ ट्रक. प्रत्येकात किती दिवस, आठवड्याला किती फेऱ्या, लो वॉटर सरचार्ज (नदीत पाणी कमी झालं की लागणारा जादा आकार) कुठल्या गेजवर (पाण्याची पातळी मोजायच्या ठिकाणावर) आणि कुठल्या आकड्यापासून, कंजेशन सरचार्ज (बंदरातल्या गर्दीचा आकार) आहे का, रिकामा कंटेनर कुठल्या डेपोला परत द्यायचा. रिकाम्याचं लोक विसरतात हो! माल मानहाइमला उतरवला आणि रिकामा कंटेनर परत रॉटरडॅमला द्यायचा असेल तर ते भाडं कोणाचं? आधी विचारा, ईमेलवर उत्तर घ्या, फोनवरचं "हो जाएगा सर" कामाचं नाही.

दिवसांचा हिशोब करताना अजून एक गोष्ट ध्यानात ठेवा. नुसतं पाण्यातून जायला बार्जला डुइसबुर्गपर्यंत साधारण एक दिवस, मानहाइमला तीनेक दिवस, बाझलला त्याहून जास्त. पण खरा वेळ रॉटरडॅमच्या आतच जातो. बार्ज एका टर्मिनलवर भरून निघत नाही, चार इथून, दहा तिथून असं करत टर्मिनलं फिरते, आणि धक्क्यावर आधी नंबर मोठ्या समुद्री जहाजाचा, बार्ज थांबते. न्हावा शेवाला वर्षाला ७० लाख टीईयूच्या (२० फुटी कंटेनरच्या मापाने) वर कंटेनर हाताळले जातात, रॉटरडॅमला १ कोटी ३० लाखांच्या वर, म्हणजे गर्दीची कल्पना करा. त्यात मोठं जहाजच उशिरा आलं (२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच लाइन्स आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, त्यात दहा-चौदा दिवस वाढले) की बार्जचा ठरलेला स्लॉट जातो. म्हणून शेड्यूलमध्ये रॉटरडॅमला चार-पाच दिवस मोकळे धराच, फॉरवर्डर काहीही म्हणो.

आता पाणी. सगळ्यात महत्त्वाचं हेच आणि आपल्याकडे यावर कोणी बोलतच नाही. पुण्यात पावसाळ्यात प्रत्येक जण खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं ते बघतो आणि मग भिडे पुलावरून जायचं का नाही ते ठरवतो, राइनवरचे लोक तसेच कौबचं गेज बघतात. कौब हे कोब्लेंझ आणि माइंझच्या मधलं छोटंसं गाव, नदी तिथे उथळ आणि तळ खडकाळ, त्यामुळे वर मानहाइम, श्ट्रासबुर्ग, बाझलला जाणाऱ्या जहाजाने किती माल भरायचा ते कौब ठरवतं.

इथे एक घोळ बऱ्याच जणांचा होतो. बातमीत येतं "कौबला पाणी ४० सेंटिमीटर" आणि लोकांना वाटतं नदी आटली, गुडघाभर पाणी उरलं. तसं नाही. गेजचा शून्य नदीच्या तळाला नसतो. गेजवर साधारण ७८ सेंटिमीटर असतं तेव्हा जहाजाच्या वाटेत १.९० मीटर पाणी धरलं जातं, म्हणजे गेजच्या आकड्यात सव्वा मीटरला थोडं कमी, १.१२ मीटर, मिळवायचं. ४० चं गेज म्हणजे वाटेत साधारण दीड मीटर पाणी. त्यातून तळाला घासू नये म्हणून थोडं अंतर सोडायचं, आणि रिकाम्या जहाजालाही स्वतःचं बुडायला पाणी लागतंच, मग मालासाठी उरतं किती? जहाज जातं, पण अर्धंमुर्धं किंवा त्याहून कमी भरून. तेवढ्याच मालाला जास्त जहाजं लागतात, जहाजं मोजकीच, भाव चढतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये कौबला गेज २५ सेंटिमीटरवर आलं होतं. त्या वर्षी कमी पाण्यामुळे बीएएसएफला साधारण २५ कोटी युरोचा फटका बसला. जर्मनीच्या कील इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी तर हिशोब मांडलाय की कौबला ७८ च्या खाली महिनाभर पाणी राहिलं तर देशाचं औद्योगिक उत्पादन टक्काभर खाली येतं. एका नदीचा एक उथळ पट्टा आणि अख्ख्या देशाचं उत्पादन! २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच, गेज तिशीत.

तर तुम्ही काय करायचं. एक, तुमच्या मालाला कुठलं गेज लागू आहे ते बघा. डुइसबुर्ग, कोलोनपर्यंतच जाणाऱ्या मालाला कौबशी देणंघेणं नाही, कारण ते कौबच्या खाली, म्हणजे समुद्राच्या बाजूला आहेत, त्यांच्यासाठी डुइसबुर्ग-रूरऑर्टचं गेज बघायचं. श्टुटगार्टचा माल नेकारमधून जातो, नेकारला बंधारे आणि लॉक (जहाज एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजे) आहेत म्हणून तिथे पाणी असतं, पण नेकारपर्यंत जायला कौब ओलांडावंच लागतं, हे विसरू नका. श्ट्रासबुर्ग-बाझलकडेही तसंच, इफेझहाइमच्या वर बंधाऱ्यांची माळ आहे, प्रश्न इफेझहाइमच्या खाली. दोन, रोजचे आकडे एल्विस (ELWIS) नावाच्या जर्मन सरकारी साइटवर फुकट मिळतात, पुढच्या काही दिवसांचा अंदाजही असतो. साइट मुख्यतः जर्मनमध्ये आहे, पण पुण्यात प्रत्येक घरात मॅक्सम्युलर भवनला जाऊन आलेलं कोणीतरी असतंच, त्याला बसवा. तीन, बार्ज ऑपरेटरचा सरचार्जचा तक्ता मागून घ्या. बऱ्याच तक्त्यांत कौबचं गेज दीड मीटरच्या खाली गेलं की पैसे लागायला सुरुवात होते, टप्प्याटप्प्याने वाढतात आणि ८० च्या आसपास खाली गेलं की "चर्चेने ठरवू", म्हणजे नेण्याची हमीच नाही.

ही शेवटची ओळ सगळ्यात महाग. समजा २० फुटी कंटेनरमध्ये २० टन कास्टिंग आहे आणि १०० युरो सरचार्ज लागला (आकडे फक्त हिशोब दाखवायला घेतलेत), तर किलोला अर्धा सेंट, चालतंय. पण बार्जने नकार दिला आणि ऐनवेळी ट्रक लावावा लागला, त्यात ८०० युरो जास्त गेले, तर किलोला चार सेंट, आणि कास्टिंगच्या मार्जिनमध्ये चार सेंट म्हणजे काय ते मी सांगायला नको. म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये रॉटरडॅमला पोचणाऱ्या मालासाठी कोटेशनमध्ये वेगळी ओळ ठेवा: लो वॉटर सरचार्ज प्रत्यक्ष तक्त्यानुसार, आणि बार्ज नसेल तर रेल्वे किंवा ट्रकचा फरक कोणी भरायचा. कमी पाण्यासारखाच जास्त पाण्याचाही त्रास असतो, हिवाळ्यात-वसंतात पूर आला आणि कौबला ६.४० मीटर झालं की त्या पट्ट्यात जहाजं थांबवतात, पण हे दिवसांत मिटतं, कमी पाणी महिनोन्‌महिने पिडतं.

मग सरळ रेल्वेच का नाही? रॉटरडॅमहून जर्मन सीमेपर्यंत खास मालगाड्यांसाठी बेटुवे लाइन २००७ पासून आहे, चांगली आहे. पण १२ ऑगस्ट २०१७ ला राश्टाटला नवीन बोगदा खणताना वरचे रूळ खचले आणि राइन खोऱ्यातली मुख्य लाइन २ ऑक्टोबरपर्यंत बंद. तेव्हा लोक बार्जकडे पळाले. पुढच्याच वर्षी नदीत पाणी नाही, लोक रेल्वेकडे पळाले. डिसेंबर २०२४ मध्ये राइनला मिळणाऱ्या मोझेल नदीवर म्युडेनला एक जहाज लॉकच्या दरवाजावर आदळलं आणि वरच्या बाजूला सत्तरच्या आसपास जहाजं अडकली. त्यामुळे नुसतं "आम्ही बार्जनेच पाठवतो" किंवा "रेल्वेनेच" असं लग्न लावून बसू नका, दोन्हीचे रेट वैध ठेवा. ज्यांचं गिऱ्हाईक त्याची प्रॉडक्शन लाइन बंद पडली की दंड लावतं त्यांनी डुइसबुर्ग किंवा मानहाइमला गोदामात दोन-तीन आठवड्यांचा माल पडून ठेवावा, भाडं जातं पण झोप लागते.

(आपल्याकडचं सांगायचं तर २०१६ च्या कायद्यात जे १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले त्यात आपली भीमासुद्धा आहे. कागदावर. त्यामुळे चाकणहून बार्ज लावायचं स्वप्न इतक्यात बघू नका, घाट उतरायला ट्रकच.)

पुण्याच्या टोकाचं थोडक्यात, कारण हे बहुतेकांना येतं. तारखा उलट्या मोजा, गिऱ्हाइकाची तारीख, त्यातून नदीचे दिवस, रॉटरडॅमचे मोकळे दिवस, समुद्र, न्हावा शेवाचा गेट कट-ऑफ (कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ), मग फॅक्टरी स्टफिंग (कारखान्यात कंटेनर भरणं). पावसाळ्यात घाटात दरड किंवा अपघात धरून एक दिवस जास्त. व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं खरं वजन, १ जुलै २०१६ पासून सक्तीचं आहे, अंदाजपंचे टाकू नका. आणि फक्त बोटीची वजनमर्यादा बघून कंटेनर ठासू नका, जर्मनीत रस्त्यावर ट्रकचं एकूण वजन ४० टन चालतं, बार्ज किंवा रेल्वेने आलेला कंटेनर जवळच्या टर्मिनलवरून नेत असाल तर कम्बाइन्ड ट्रान्सपोर्टच्या नियमाने ४४ टन. म्हणजे नदीने गेलात तर जड मालाला हा जास्तीचा फायदा, आणि ऐनवेळी सरळ ट्रकवर यायची पाळी आली तर तोच कंटेनर ओव्हरलोड! लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ (लाकडातली कीड रोखायचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का असलाच पाहिजे, गाभ्यात ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवलेलं लाकूड, शिक्का पुसट असेल तर पॅलेट बदला, तिकडे माल अडकला तर त्याचा खर्च पॅलेटच्या हजारपट.

युरोपच्या कस्टम्सला माल बोटीवर चढायच्या आधी माहिती द्यावी लागते, आयसीएस२ नावाची सिस्टीम आहे, समुद्री मालाला जून २०२४ पासून लागू व्हायला लागली. त्यात मालाचा किमान सहा आकडी एचएस कोड (कस्टम्सचा वर्गीकरणाचा नंबर), मालाचं नीट वर्णन ("ऑटो पार्ट्स" एवढंच चालत नाही) आणि तिकडच्या पार्टीचा ईओआरआय (युरोपच्या कस्टम्सकडचा नोंदणी) नंबर लागतो, तो पीओ (खरेदीची ऑर्डर) आला त्याच दिवशी मागून ठेवा. ड्युटी रॉटरडॅमलाच भरायची का टी१ ट्रान्झिटच्या कागदावर (ड्युटी न भरता माल आत नेण्याच्या परवानगीवर) माल डुइसबुर्गला नेऊन तिथे भरायची हे गिऱ्हाइकाचा कस्टम्स एजंट ठरवतो, पण तुम्हाला माहीत हवं, कारण टी१ उघडायला उशीर झाला तर बार्ज सुटते. लोखंड-स्टील, अ‍ॅल्युमिनियमवाल्यांनी सीबॅम (आयात मालाच्या कार्बनवरचा युरोपचा आकार) बघा, १ जानेवारी २०२६ पासून त्याचा पैशाचा टप्पा सुरू झाला. एचएस कोड ७३१८ मधले नट-बोल्ट, ७३२६ मधल्या वस्तू त्यात येतात, गिऱ्हाईक कार्बनचे आकडे मागेल, ते फाउंड्रीकडून आत्ताच गोळा करा.

शेवटी भानगड झाली तर काय. आपल्याकडे मल्टिमोडल वाहतुकीचा (एकाच करारात रस्ता, रेल्वे, जहाज) १९९३ चा कायदा आहे. रजिस्टर्ड मल्टिमोडल ऑपरेटरने त्याचं मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट डॉक्युमेंट दिलं असेल तर ट्रक, जहाज, बार्ज कुठेही नुकसान झालं तरी तोच एक जबाबदार, "आमच्या हद्दीत नाही झालं" ही पळवाट नाही. पण मालाची किंमत जाहीर केलेली नसेल तर भरपाईला मर्यादा आहे, समुद्र किंवा नदीचा टप्पा असेल तर किलोला २ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) किंवा नगाला ६६६.६७ एसडीआर, जे जास्त ते. आणि दावा नऊ महिन्यांत लावावा लागतो. महागडा मशीन्ड माल असेल तर हे पैसे काहीच नाहीत, म्हणून इन्शुरन्स क्लॉज ए मध्ये (सगळ्यात जास्त जोखीम झाकणारा प्रकार) आणि गोदाम ते गोदाम घ्या, पॉलिसीत बार्जचा टप्पा लिहून घ्या. माल घेताना सील तुटलं किंवा खोकं ओलं दिसलं तर डिलिव्हरीच्या कागदावर तिथल्या तिथे शेरा मारायला गिऱ्हाइकाला सांगून ठेवा, फोटोसकट. नुसत्या उशिराने झालेलं नुकसान मात्र क्लॉज ए मध्येही बसत नाही, त्यामुळे उशिराच्या दंडाची वरची मर्यादा गिऱ्हाइकाशी करारातच ठरवून घ्या, आणि तिथे गेजच्या आकड्यासकट कमी पाण्याचा उल्लेख करा.